कोल्हापूरचे शाहू महाराज व शिक्षणातील राखीव जागा

कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे राजवाड्यात जन्मलेले नव्हेत. कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी त्यांचा जन्म झाला आणि नाव ठेवले यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व आई राधाबाई. यशवंतराव तीन वर्षांचे होतात न होतात तोच आई वारली. पुढे 17 मार्च 1884 रोजी कोल्हापूरच्या राणीसाहेब आनंदीबाई ह्यांनी त्यांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. दोन वर्षांनी वडीलही गेले. बाराव्या वर्षी पोराला राज्य होते, पण आईबाप नव्हते.

स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. जून-जुलै महिना आला की आपल्या बेलपाड्यात प्रवेशाखेरीज दुसरा विषय नसतो. कोणाला किती टक्के पडले, कोणाला कोणत्या कोट्यातून जागा मिळाली, कोण आत गेला आणि कोण बाहेर राहिला, हेच भाजी निवडताना आणि हेच पाण्याच्या टाकीपाशी. गावातल्या बायका एक बोलतात, बिल्डिंगमधल्या दुसरे बोलतात. गेल्या संक्रांतीला तर हळदीकुंकवाला आलेल्या दोघीजणी ह्याच विषयावरून एकमेकींना तिळगूळ न देता उठून गेल्या. म्हणून ज्या राजाने राखीव जागांचा हुकूम काढला त्याचीच हकिगत सांगावी असे मी ठरवले.

तर महाराजांचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात व नंतर धारवाडास झाले. फ्रेझर नावाचे इंग्रज गृहस्थ त्यांचे शिक्षक होते. 1891 साली बडोद्याच्या खानविलकरांची कन्या लक्ष्मीबाई ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला तेव्हा ते विशीतच होते. अंगाने धिप्पाड, कुस्तीचे व शिकारीचे शौकीन, शेतकऱ्याच्या बांधावर बसून बोलणारे.

गादीवर आल्यावर त्यांनी आपल्या कचेऱ्या पाहिल्या. दरबारच्या कारभारात 71 अधिकारी होते, त्यांपैकी 60 ब्राह्मण. कारकुनांच्या जागा 500 होत्या, त्यांत ब्राह्मणेतर अवघे 10. राज्यात शेतकरी, मराठे, लिंगायत, जैन, मुसलमान, धनगर, महार, मांग असे सगळे लोक राहत होते, कर भरत होते, पण अर्ज लिहायचा झाला तरी त्यांना एकाच जातीच्या दारात जावे लागे.

असे का झाले होते ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर उगीच एका जातीचा राग येतो. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर होते त्यांची मुले शिकली. शिवाय त्या काळी गरीब ब्राह्मण विद्यार्थी शहरात शिकायला आला तर त्याला वार लावून जेवता येत असे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या किंवा धनगराच्या पोराला असे जेवायला घालणारे घर शहरात नव्हते. त्याला खोली मिळत नव्हती आणि चूल मिळत नव्हती. शाळेचे दार उघडे होते असे म्हणावे, तर रात्री कुठे निजावे व काय खावे हा प्रश्न दाराच्या बाहेरच उभा होता. माझ्या माहेरच्या गावी सातवीच्या पुढची शाळा नव्हती, आणि मुलीला परगावी ठेवायची कोठे म्हणून माझे शिक्षण तेथेच थांबले. त्यामुळे ही गोष्ट मला पुस्तकातून समजावून घ्यावी लागली नाही.

महाराजांनी 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. हेतू चांगला होता. पण व्यवस्था पाहणारे लोक ज्या जातीचे, तीच मुले तेथे टिकली, बाकीची हळूहळू नाहीशी झाली. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैनांचे झाले, 1906 मध्ये मुसलमानांचे, पुढे लिंगायतांचे, शिंप्यांचे, दैवज्ञांचे. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराज जागा देत, इमारतीला मदत देत, दर वर्षाचे उत्पन्न लावून देत, आणि बाकीचे त्या त्या समाजाने करावे असा आग्रह धरीत. कोल्हापुरात दसरा चौकाजवळ ह्यांतली काही बोर्डिंगे आजही आहेत.

जातवार बोर्डिंगे काढून राजा जाती पक्क्या करतो आहे असा आक्षेप पुष्कळांनी घेतला. आक्षेप खोटा होता असे मी म्हणत नाही. पण त्या काळी चुलीच वेगळ्या होत्या. एका चुलीवर शिजलेले सगळे खातील अशी वाट पाहत बसले असते तर एक पिढी अडाणी राहिली असती. महाराजांनी आधी पोरे शाळेत आणली. चुलीचे पुढे पाहिले, आणि पाहिले तेही कसे, ते पुढे येईलच.

1902 साली सातवे एडवर्ड बादशहा ह्यांच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेस गेले होते. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली ती त्याच वेळी. तेथे असतानाच, 26 जुलै 1902 रोजी, त्यांचा तो प्रसिद्ध हुकूम करवीर दरबारच्या गॅझेटात निघाला. ह्या हुकुमाविषयी आपण सारे बोलतो, पण त्यात काय होते ते फार थोड्यांना ठाऊक असते. त्यात प्रारंभी असे सांगितले होते की, सर्व वर्गांत शिक्षण पसरावे म्हणून दरबारने प्रयत्न केले, तरी मागासलेल्या वर्गांत व्हावे तितके यश आले नाही. कारण उच्च शिक्षणाचे फळ म्हणून जी सरकारी चाकरी मिळते ती थोड्याच लोकांच्या वाट्याला येते. ते फळ सर्वांना मिळेल असे दिसले, तर लोक मुलांना वरपर्यंत शिकवतील. म्हणून ह्यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गातील लोकांना द्याव्यात. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व दुसरे पुढारलेले लोक सोडून बाकी सर्व ते मागासलेले, अशी व्याख्या केली होती. ज्या कचेरीत निम्म्याहून कमी असे लोक असतील तेथील पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, आणि प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने तीन-तीन महिन्यांनी तसा तक्ता पाठवावा, असेही त्यात होते.

म्हणजे हुकूम नोकरीचा होता, पण त्याचे मूळ उच्च शिक्षणात होते. तिमाही तक्त्याची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते. हुकूम काढणारे पुष्कळ असतात. तो पाळला की नाही हे दर तीन महिन्यांनी विचारणारा विरळा. 1912 साली मोजदाद झाली तेव्हा 95 अधिकाऱ्यांत ब्राह्मण 35 होते.

हुकुमावर पुण्या-कोल्हापूरच्या पत्रांतून टीका झाली. त्याआधीच वेदोक्ताच्या वादाने मने कडू झाली होती. राजाच्या घरी वेदमंत्र म्हणायचे नाहीत, पुराणातलेच म्हणायचे, असा हट्ट उपाध्यायांनी धरला होता, आणि 1901 साली लोकमान्य टिळकांसारख्या मोठ्या पुरुषानेही केसरीतून त्यांची बाजू घेतली होती. लोकमान्यांविषयी मनात आदर असूनही हे लिहावे लागते.

टीकेचा गाभा तोच होता, जो आज आपल्या बिल्डिंगच्या जिन्यात ऐकू येतो. जागा लायकीवर द्यावी, जातीवर देऊ नये. सांगलीचे गणपतराव अभ्यंकर वकील ह्यांनी हेच म्हणणे महाराजांपुढे मांडले, अशी एक गोष्ट कोल्हापुराकडे सांगतात. महाराज वाद घालत बसले नाहीत. ते वकिलांना घेऊन घोड्यांच्या पागेत गेले. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधलेला होता व तो आपापले हरभरे खात होता. महाराजांनी मोतद्दारांना सांगून सगळे तोबरे काढायला लावले, सर्व चंदी एका जाजमावर ओतायला लावली आणि घोडे मोकळे सोडायला लावले. धट्टेकट्टे घोडे पुढे धावले, लाथा झाडून त्यांनी दुसऱ्यांना मागे सारले व सगळे हरभरे फस्त केले. शिंगरे, म्हातारी व लंगडी जनावरे दूर उभी राहून पाहत होती. वेगवेगळे तोबरे का बांधावे लागतात, हे मग वकिलांना निराळे सांगावे लागले नाही.

गोष्ट घडली तशीच घडली असेल किंवा सांगता सांगता थोडी सजली असेल. पण आपल्या मंडळात ती एकदा निघाली तेव्हा एका वहिनींनी चांगला मुद्दा काढला होता. त्या म्हणाल्या की चंदी हे खाणे झाले, आणि कॉलेजची जागा हे तर शर्यतीचे बक्षीस आहे. माझ्या मुलीने दोन वर्षे रात्रीचा दिवस केला, तिला बक्षीस का नाही? त्यांचे यजमान साध्या पगारावर आहेत, घर भाड्याचे आहे, आणि मुलीची जागा थोडक्या गुणांनी हुकली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तेव्हा कोणालाच उत्तर सुचले नाही.

मी पुष्कळ विचार केला. मला असे वाटते की शिक्षण हे अजून खाणेच आहे, शर्यत त्याच्या पुढची. कोट्यातून आत गेलेल्या मुलालाही प्रश्नपत्रिका तीच सोडवावी लागते. पण वहिनींच्या म्हणण्यात दुसरी एक गोष्ट होती, ती मला टाकता येत नाही. धट्टेकट्टे घोडे प्रत्येक पागेत असतात. आपल्याच गावाकडे पाहा. सिडकोने सगळ्यांच्या जमिनी घेतल्या, पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. कोणी ते जपले व आज त्यांच्या चार मजली इमारती आहेत, कोणी अडचणीत स्वस्तात विकले व आज त्यांची सून चार घरची धुणीभांडी करते. जात एक, आगरी. कागदोपत्री दोघे इतर मागासवर्गात. दोघांच्या मुलांपुढे तोबरा सारखा नाही. त्यासाठी नॉन-क्रिमिलेअरची अट आहे, 2017 पासून तिची मर्यादा आठ लाखांची आहे. 2019 मध्ये ज्यांना दुसरे आरक्षण नाही अशा गरिबांसाठी दहा टक्के जागाही झाल्या आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या मान्य केल्या. वहिनींच्या धाकट्या मुलासाठी तो दाखला काढायला आम्ही दोघी बरोबर गेलो होतो.

दाखल्यांवरून आठवले. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला असला तर काम सोपे होते. पण ज्यांच्या आजोबांनी मिठागरात व शेतात जन्म काढला, शाळेचे तोंडही पाहिले नाही, त्यांनी तो कोठून आणावा? मग कोतवाल बुकाची नक्कल शोधायची, मोडीत लिहिलेली असली तर ती वाचणारा शोधायचा. शिकला नव्हता म्हणून जो मागास ठरला, त्याच्याकडेच शाळेचा कागद मागायचा, ह्याचे मला हसू येते व वाईटही वाटते.

महाराजांना हे नेमके कळले होते की वरची जागा राखून ठेवली व खाली शाळाच नसली तर ती जागा रिकामी राहील. म्हणून 1917 साली त्यांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या वेळचा रुपया म्हणजे थोडा नव्हे. गुरे कोण राखील म्हणून रडणारे बाप पुष्कळ होते, पण महाराजांनी ऐकले नाही. 1919 साली त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसवायला लावली. चुलीचे पुढे पाहिले असे मी वर म्हटले, त्याची हकिगत अशी. गंगाराम कांबळे नावाच्या त्यांच्या पागेतील माणसाला, स्पृश्यांच्या पाण्याला शिवला म्हणून, बरोबरच्या नोकरांनी मारले होते. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामला चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे गाडी थांबवून चहा प्यायला सुरुवात केली. राजा पितो म्हटल्यावर बरोबरच्या सरदारांनाही प्यावाच लागला!

कुलकर्णी वतने काढून त्यांनी पगारी तलाठी नेमले, त्यांत अस्पृश्यांना जागा दिल्या. काही अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या, तेव्हाही लायकीची ओरड झाली. ह्याच सुमारास त्यांनी डॉ. आंबेडकरांना ओळखले. मूकनायक पत्राला त्यांनी मदत केली, 21 व 22 मार्च 1920 च्या माणगाव परिषदेत उभे राहून, तुमचा खरा पुढारी तुम्हाला मिळाला, अशा अर्थाचे भाषण केले, आणि बाबासाहेबांच्या विलायतेतील शिक्षणालाही हातभार लावला. पुढे घटना लिहिणारा हाच पुरुष.

घटना आल्यावरही वाद मिटला नाही. मद्रासेकडे कॉलेजच्या जागा जातवार वाटलेल्या होत्या. 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने ती वाटणी रद्द केली, आणि त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासवर्गासाठी शिक्षणात खास सोय करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. 1992 च्या मंडल निकालात आरक्षण सर्वसाधारणपणे शेकडा पन्नासच्या वर जाऊ नये असे ठरले. महाराजांचा आकडाही पन्नासच होता, पण त्यांचे पन्नास म्हणजे इथपर्यंत तरी पोहोचलेच पाहिजे असे होते, आणि न्यायालयाचे पन्नास म्हणजे ह्याच्या पुढे नको असे आहे. 2006 च्या कायद्याने केंद्राच्या उच्च शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गाला 27 टक्के जागा आल्या, त्या 2008 साली न्यायालयाने मान्य केल्या. महाराजांच्या यादीत जे मराठे मागासलेले होते, त्यांच्या आरक्षणाचा 2018 चा कायदा 2021 मध्ये रद्द झाला आणि 2024 मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. हे सगळे वर्तमानपत्रांत येतेच, मी लांबवीत नाही.

आपल्या पनवेलपर्यंत महाराजांचा एक धागा आलेला आहे, तो मात्र सांगितला पाहिजे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी होता. तेथून बाहेर पडावे लागल्यावर काही काळ तो महाराजांच्या आश्रयाने राहिला. बोर्डिंग म्हणजे काय हे त्याने तेथे पाहिले. 1919 साली त्याने रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले, आणि एका चुलीवरचे जेवण सर्वांना घातले. तेच कर्मवीर भाऊराव पाटील. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय ह्याच संस्थेचे. आपल्या आसपासची कितीतरी मुले तेथून पदवी घेऊन बाहेर पडली, त्यांतल्या थोड्यांना तरी हा धागा ठाऊक असावा.

आता शेवटची हकिगत, आणि ती आपल्या बायकांची आहे. महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी ह्यांचा विवाह 1917 साली सासवडच्या जगतापांच्या कन्येशी झाला. सुनेचे नाव इंदुमती ठेवले. वर्षभरातच, 1918 च्या जून महिन्यात, रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून प्रिन्स शिवाजी गेले. सून तेव्हा अकरा-बारा वर्षांची. त्या काळच्या राजघराण्यात अशा मुलीचे पुढे काय होई ते सांगायला नको. पडद्याआड एक खोली, एवढेच तिचे आयुष्य. पुत्रशोकाने महाराज खचले होते. पण त्यांनी सुनेला राजवाड्यातून काढून सोनतळीच्या कॅम्पावर नेले, शिक्षक ठेवले, बरोबर शिकायला निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या, आणि तिचा अभ्यास सुरू केला. घरातून विरोध झाला. विधवा सुनेला पुस्तके कशाला, असे म्हणणारी माणसे राजवाड्यातही होतीच. महाराजांनी जुमानले नाही. सुनेने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती.

राखीव जागांच्या भांडणात आपण मुलींचे नाव फारसे घेत नाही. पण मागे राहिलेल्या प्रत्येक जातीत आणखी मागे राहिलेली तीच असते. 2024 च्या जुलैत सरकारने इतर मागास, आर्थिक दुर्बल वगैरे वर्गांतील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ज्यांच्या मुली बारावीला आहेत त्या भगिनींनी ह्याची चौकशी वेळेवर करावी, उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा, कारण जुलैत फार गर्दी होते.

महाराजांना मधुमेह होता, शोकाने व कामाने प्रकृती ढासळत गेली. 6 मे 1922 रोजी मुंबईस, गिरगावच्या खेतवाडीत, त्यांनी देह ठेवला. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते. इंदुमतीदेवींनी अभ्यास सोडला नाही. 1925 साली त्या मॅट्रिक झाल्या. डॉक्टर होणे राहून गेले, परंतु पुढे त्यांनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी संस्था काढल्या व 1971 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तेच काम केले.